फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी लो डोस सीटी: कोणी करावी, कशी करावी आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय करावं

सीटी स्कॅनच्या मशीनवर मी १७ वर्षं काम करते आहे. छातीचा स्कॅन असला की टेबलावर आडव्या झालेल्या माणसाला मी विचारते, "काका, बिडी-सिगारेट?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "सोडली." कधी सोडली, असं विचारलं की काका छताकडे बघतात आणि दाराशी पिशवी सांभाळत उभ्या असलेल्या काकू सांगतात, "दिवाळीपासून. त्याआधी चाळीस वर्षं रोज." किती ओढली, किती वर्षं ओढली आणि बंद कधी केली, या तीन गोष्टींवर ही तपासणी करायची की नाही हे ठरतं. आणि ही माहिती काकांपेक्षा काकूंकडे जास्त खरी असते.

हा लेख अशा काका-काकूंसाठी आहे, आणि त्यांच्या मुलामुलींसाठी. पन्नाशी ओलांडलेल्या, बरीच वर्षं धूम्रपान केलेल्या माणसाच्या फुप्फुसात कॅन्सर असलाच, तर तो लहान असताना, काहीही त्रास होत नसताना सापडावा म्हणून दरवर्षी कमी किरणांचा सीटी स्कॅन करतात. त्यालाच लो डोस सीटी म्हणतात. स्कॅनला स्वतःला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. घोटाळे होतात ते त्याच्या आधी आणि नंतर, म्हणून या लेखातला बराचसा भाग त्यावरच आहे.

आधी एक गोष्ट: त्रास होत असेल तर ही तपासणी तुमच्यासाठी नाही

तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला किंवा नेहमीपेक्षा बदललेला खोकला, थुंकीतून रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, बसलेला आवाज, खांद्यात किंवा छातीत सतत दुखणं, वाढलेला दम, नखं फुगीर होऊन बोटांची टोकं गोल दिसायला लागणं. यातलं काहीही असेल तर लो डोस सीटीची अपॉइंटमेंट घेत बसू नका. थेट छातीविकारतज्ज्ञाकडे जा. तुम्हाला लागते ती निदानाची तपासणी. तिचा स्कॅन वेगळा असतो, बहुधा शिरेतून औषध देऊन केलेला, आणि तो पुढच्या महिन्यात करून चालत नाही.

हे मी इतकं ठासून का सांगते, तर माझ्या मामांमुळे. मामा आयुष्यभर बिडी ओढायचे. खोकला सुरू झाला, एक्स-रेवर वरच्या बाजूला डाग दिसला आणि गावाकडच्या एका डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. थुंकीत जंतू सापडले नव्हते. औषधाने लघवी लाल व्हायची, ती बघून मामींना वाटायचं की औषध लागू पडतंय. पाच महिने गेले. वजन उतरतच राहिलं. मी हट्टाने त्यांना आमच्याकडे आणलं आणि स्कॅन केला, तेव्हा फुप्फुसातली गाठ पाच सेंटिमीटरची होती आणि पाठीच्या मणक्यात पसरली होती. माझ्याच मशीनवर, माझ्याच समोरच्या पडद्यावर ते चित्र उमटलं.

आपल्याकडे हे वारंवार घडतं. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे छातीतला डाग म्हटलं की डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येणं स्वाभाविक आहे. पण थुंकीची सीबी-नॅट तपासणी करून जंतू सापडल्याशिवाय, नुसत्या एक्स-रेवरून टीबीची औषधं सुरू होत असतील, आणि माणूस बिडी-सिगारेट ओढणारा असेल, तर "डॉक्टर, हा कॅन्सर नाही ना, हे कशावरून?" असं स्पष्ट विचारा. औषधं सुरू करून महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही, तर पुन्हा विचारा.

एक्स-रे का पुरत नाही

"दरवर्षी छातीचा फोटो काढतो की," असं पुष्कळजण सांगतात. एक्स-रेत बरगड्या, गळपट्टीचं हाड आणि हृदय यांच्या सावल्या एकावर एक पडतात. सेंटिमीटरभराची गाठ त्यांच्या आड सहज लपते. अमेरिकेत सुमारे १,५५,००० लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली आले: दरवर्षी एक्स-रे काढूनही फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासाचे आकडे आले. त्यात ५३,४५४ जण होते. वय ५५ ते ७४, आणि सगळे बरीच वर्षं धूम्रपान केलेले. निम्म्यांचा तीन वर्षं दरवर्षी लो डोस सीटी झाला, निम्म्यांचा एक्स-रे. सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. पुढे नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नेल्सन नावाच्या अभ्यासात, दहा वर्षांनंतर, पुरुषांमधले असे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी दिसले. ते निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. आज ही तपासणी उभी आहे ती मुख्यतः या दोन अभ्यासांवर.

तुमचा हिशेब मांडा: पॅक-वर्षं

आता वही-पेन घ्या, आणि शक्यतो बायकोला किंवा भावाला शेजारी बसवा. डॉक्टर धूम्रपान "पॅक-वर्षां"त मोजतात. रोज २० सिगारेटी एक वर्ष ओढल्या की एक पॅक-वर्ष. रोजच्या सिगारेटींना २० ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं.

इथे आपली एक हमखास चूक होते. पानाच्या टपरीवर मिळणारं पाकीट बहुतेक वेळा दहाचं असतं. "रोज एक पाकीट, तीस वर्षं" म्हणजे आपल्याकडे ३० पॅक-वर्षं होत नाहीत, १५ होतात. म्हणून पाकिटं मोजू नका, सिगारेटी मोजा.

दुसरं म्हणजे, कोणी आयुष्यभर सारखंच ओढत नाही. तुकडे पाडा. समजा, एका गृहस्थांनी १८ ते २६ या वयात रोज ५ ओढल्या: आठ वर्षांची २ पॅक-वर्षं. नोकरी लागल्यावर २० वर्षं रोज १५: ती १५ झाली. मग रात्रपाळी आली, सहा वर्षं रोज २०: आणखी ६. एकूण २३. हेच गृहस्थ आधी मला म्हणाले असते, "फार नाही हो, दिवसाला पाच-दहा."

बिडीचा हिशेब अवघड आहे. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बराच कमी असतो, म्हणून काही डॉक्टर दोन किंवा त्याहून जास्त बिड्या म्हणजे एक सिगारेट असं धरतात. पण तेंदूच्या पानात गुंडाळलेली बिडी विझू नये म्हणून माणूस सारखे आणि खोल झुरके घेतो, आणि तिचा धूर सौम्य मुळीच नसतो. डॉ. जस्सावाला यांनी मुंबईत केलेल्या आणि १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी दिसला नव्हता. म्हणून माझं सांगणं असं: वहीत बिड्यांचा आकडा जसाच्या तसा लिहा, "रोज एक कट्टा, २५ बिड्या, ३० वर्षं" असा, आणि त्याचं काय धरायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. आपणच आधी निम्मे करून सांगू नका.

चिलीम आणि हुक्का असेल तर तोही लिहा. मिश्री, तपकीर, गुटखा, मळलेला तंबाखू यांची पॅक-वर्षं होत नाहीत, कारण त्यांचा धूर छातीत जात नाही. पण ती घेणाऱ्यांनी तोंडाची तपासणी करून घ्यायलाच हवी. तिला स्कॅन लागत नाही, उजेड आणि तयार डोळा लागतो, आणि तिशीनंतर ती सरकारी आरोग्य केंद्रात राष्ट्रीय कार्यक्रमाखाली होते.

मग या हिशेबात बसतं कोण

अमेरिकेच्या प्रतिबंधक तपासण्यांच्या तज्ज्ञगटाने २०२१ साली आखलेली रेषा अशी: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-वर्षं, आणि सध्या धूम्रपान चालू किंवा सोडून १५ वर्षांहून कमी झालेली. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०२३ साली ती १५ वर्षांची अट काढून टाकली, कारण सोडल्यानंतर धोका घटतो तरी वय वाढत राहतं आणि तो कधी न ओढणाऱ्याइतका खाली येत नाही.

जी मराठी कुटुंबं अमेरिकेत राहतात त्यांच्यासाठी: या निकषात बसलात तर तिथला आरोग्य विमा सहसा ही तपासणी वेगळे पैसे न घेता देतो. मेडिकेअरमध्ये, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, वयाची मर्यादा ५० ते ७७ आहे आणि पहिल्या स्कॅनआधी डॉक्टरांशी सविस्तर बोलणं सक्तीचं आहे. इंग्लंडमध्ये ५५ ते ७४ वयाच्या, आयुष्यात कधी ना कधी धूम्रपान केलेल्या लोकांना दवाखान्याकडून पत्र किंवा फोन येतो, प्रश्न विचारून धोका काढतात, आणि धोका जास्त असलेल्यांनाच स्कॅन देतात. बऱ्याच ठिकाणी तो सुपरमार्केटच्या वाहनतळावर उभ्या केलेल्या ट्रकमध्ये होतो. आई-वडील तिथे कायमचे राहत असतील तर त्यांच्या दवाखान्याच्या नोंदीत "पूर्वी ओढत होते" हे लिहिलेलं आहे ना, बघून घ्या. नोंद नसेल तर पत्र येत नाही.

भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख हे तीन कॅन्सर आहेत, फुप्फुस नाही. म्हणजे इथे हा निर्णय तुम्ही आणि तुमचे छातीविकारतज्ज्ञ मिळून घ्यायचा, आणि खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून करायचा.

ज्यांनी कधीच ओढली नाही त्यांचं काय, हा प्रश्न बायका फार विचारतात, आणि रास्त विचारतात. आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये कधीच धूम्रपान न केलेले पुष्कळ असतात. चुलीचा धूर, घरातल्या दुसऱ्याची बिडी, शहरातली हवा, काहींच्या बाबतीत आनुवंशिकता. तैवानने २०२२ पासून, आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कोणाला हा कॅन्सर झालेल्या, स्वतः न ओढणाऱ्या लोकांनाही सरकारी तपासणीत घेतलं आहे. पण वर सांगितलेले दोन्ही मोठे अभ्यास ओढणाऱ्यांवर झाले. न ओढणाऱ्यांचे जीव यातून वाचतात का, याचा तसा भक्कम पुरावा नाही. माझं मत: घरात कोणाला फुप्फुसाचा कॅन्सर झाला असेल किंवा ॲस्बेस्टॉस, दगडखाण, क्रशर अशा ठिकाणी वर्षानुवर्षं काम केलं असेल, तर डॉक्टरांशी बोला. नुसत्या काळजीपोटी दरवर्षी स्कॅन करू नका.

हो म्हणण्याआधी: हजार माणसांचा हिशेब

हा भाग सेंटरवाले सांगत नाहीत, कारण त्यांचा धंदा स्कॅन करण्याचा आहे. मीही त्याच धंद्यात आहे, म्हणून सांगते.

२०११ च्या त्या सीटीच्या अभ्यासातल्यासारखी, भरपूर ओढलेली हजार माणसं घ्या. सहा-सात वर्षांत, एक्स-रे काढणाऱ्या हजारांतले सुमारे २१ जण फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. तीन वर्षं सीटी करणाऱ्या हजारांतले १८. म्हणजे हजारामागे तीन जीव वाचले. तेवढ्यासाठी त्या हजारांपैकी सुमारे ३६५ जणांना कधी ना कधी "काहीतरी दिसतंय" असं सांगितलं गेलं आणि पुढे कॅन्सर निघाला नाही. त्यातल्या सुमारे २५ जणांना सुई टोचून तुकडा काढण्यापर्यंत किंवा दुर्बिणीपर्यंत जावं लागलं, आणि तिघांना त्यातून मोठी गुंतागुंत झाली.

तेव्हा चार मिलिमीटरचा ठिपकाही "संशयास्पद" धरत. आता साधारणतः सहा मिलिमीटरपासून पुढे धरतात, त्यामुळे खोट्या धोक्याच्या घंटा बऱ्याच कमी झाल्या आहेत. पण आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण इतक्या छात्यांमध्ये असतात की ठिपके दिसणारच. शिवाय असेही काही कॅन्सर सापडतात जे इतके संथ असतात की त्या माणसाला आयुष्यात कधी त्रास झाला नसता.

तीन जीव हा आकडा लहान वाटतो. मला वाटत नाही. मामांसारखं चित्र पडद्यावर पाहिलेल्या माणसाला वाटणार नाही. पण आकडा माहीत असताना घेतलेला निर्णय आणि पॅकेजच्या जाहिरातीवरून घेतलेला निर्णय यांत फरक आहे.

एक प्रश्न स्वतःला विचाराच: काही सापडलं तर मी ऑपरेशन करून घेऊ शकेन का, आणि घेईन का? हृदय किंवा फुप्फुसं इतकी अशक्त असतील की उपचार झेपणारच नाहीत, तर ही तपासणी फक्त काळजी देईल. ऐंशीनंतर ती सहसा करत नाहीत, तेही याच कारणाने.

सेंटरला फोन करताना

फोनवर शब्द नेमके वापरा: "फुप्फुसाच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगसाठी लो डोस सीटी हवा आहे." कोविडपासून सगळ्यांच्या तोंडी एचआरसीटी बसलं आहे आणि रिसेप्शनवर अनेकदा तेच लिहून घेतात. एचआरसीटी म्हणजे लो डोस नव्हे. नेहमीच्या छातीच्या सीटीत किरणांची मात्रा कित्येक पट जास्त असू शकते, आणि दरवर्षी करायच्या तपासणीत तो फरक मोजावाच लागतो.

मग विचारा: रिपोर्ट लंग-रॅड्स पद्धतीने, म्हणजे काय दिसलं आणि पुढे काय करायचं हे ठरावीक आकड्यांत सांगणाऱ्या पद्धतीने, देणार का? रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट छातीचे स्कॅन नियमित बघतात का? पातळ कापांसह पूर्ण सीडी किंवा पेन ड्राइव्ह मिळेल का? नुसती फिल्म पुरत नाही, कारण पुढच्या वर्षी ठिपका मोजायचा तर फिल्मवर तो मोजता येत नाही. आणि पूर्ण पैसे किती, सीडीसह, हेही आधीच. दोन-तीन ठिकाणी विचारा, दरात बराच फरक असतो.

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमधला छातीचा एक्स-रे किंवा रक्तातला ट्यूमर मार्कर हा या तपासणीला पर्याय नाही. पेट स्कॅनही नाही. त्यात शिरेतून औषध देऊन जास्त काम करणाऱ्या पेशी उजळून दाखवतात, आणि तो पुढच्या टप्प्यावरचा आहे.

सर्दी, ताप, छातीत कफ किंवा न्यूमोनिया नुकताच झाला असेल तर तारीख पुढे ढकला. छातीच्या संसर्गानंतर साधारण १२ आठवडे थांबलेलं बरं. संसर्गाचे डाग गाठीसारखे दिसतात आणि मग विनाकारण पळापळ होते.

आणि जुन्या फिल्म शोधा. ट्रंकेत, गादीखाली, कपाटाच्या वर, कुठेही असतील. दहा वर्षांपूर्वीचा एक्स-रे, ऑपरेशनआधी काढलेला स्कॅन, कोविडमधला एचआरसीटी, सगळं घेऊन या. तरुणपणी टीबी झाला होता का, कोणत्या साली, किती महिने औषध घेतलं, हेही एका कागदावर.

हे का, ते सांगते. एका काकांच्या उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला सात मिलिमीटरची गाठ दिसली. घरात रडारड. मुलगा बायोप्सीची तारीखही घेऊन आला होता. मी सहज विचारलं, आधी कधी स्कॅन झाला होता का? काकू म्हणाल्या, सहा वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले होते तेव्हा झाला होता, पण ते काय उपयोगाचं. दुसऱ्या दिवशी त्या साडीच्या खोक्यातून ती सीडी घेऊन आल्या. तीच गाठ, त्याच जागी, तेवढीच. घट्ट गाठ दोन वर्षं तसूभरही वाढली नाही तर ती सहसा निरुपद्रवी धरतात, आणि ही सहा वर्षं तशीच होती. बायोप्सी रद्द झाली.

स्कॅनच्या दिवशी

उपाशी राहायचं नाही. सुई नाही, पिण्याचं औषध नाही, रोजच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. चेन, मंगळसूत्र, पिना, छातीवर हुक असलेले कपडे काढून ठेवावे लागतात, म्हणून सोबत कोणी असलेलं बरं. शरीरात स्टेंट, स्क्रू, कृत्रिम गुडघा असला तरी चालतं.

एमआरआयसारखा बोगदा नसतो आणि तो ठणठणाटही नसतो. मेदूवड्यासारखं मोठं भोक असलेलं कडं असतं, त्यातून टेबल सरकतं. हात डोक्यावर घ्यायला सांगतात. खांदा आखडलेला असेल तर आधी सांगा, उशी देतो. मग आवाज येतो, "श्वास घ्या... रोखून धरा." तेवढीच तुमची परीक्षा. श्वास सुटला तर चित्र हलतं आणि लहान ठिपका पुसट होतो. दमेकऱ्यांना मी आधी दोनदा सराव करायला लावते, तुम्हीही घरी करून या: खोल श्वास घेऊन मनात दहापर्यंत मोजायचं.

किरणांची भीती बऱ्याच जणांना असते. किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. लो डोस सीटीत साधारण एक ते दीड मिलिसिव्हर्ट मिळते. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. मात्रा खरोखर कमी होती का, हे तुम्ही स्वतः पडताळू शकता. स्कॅनच्या शेवटी मशीन डोसचं एक पान तयार करतं, ते मागून घ्या. त्यात सीटीडीआय नावाचा आकडा असतो. मध्यम बांध्याच्या माणसात तो ३ मिलिग्रे किंवा त्याहून कमी असावा. शेजारी डीएलपी, म्हणजे पूर्ण स्कॅनच्या मात्रेचा आकडा असतो, त्याला ०.०१४ ने गुणलं की ढोबळ मिलिसिव्हर्ट निघतात. डीएलपी ७५ असेल तर एकच्या जरा वर, म्हणजे ठीक. ३०० असेल तर चारच्या वर, म्हणजे तुमचा नेहमीचा स्कॅन झाला आहे. पुढच्या वर्षी तिथे जाऊ नका, किंवा ते पान दाखवून विचारा.

रिपोर्ट वाचताना

शेवटी लंग-रॅड्सचा आकडा असतो. १ म्हणजे काही नाही. २ म्हणजे काहीतरी आहे पण निरुपद्रवी. दोन्हींत पुढचा स्कॅन एका वर्षाने. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ अ म्हणजे संशय, सहसा तीन महिन्यांनी स्कॅन, कधी पेट. ४ ब किंवा ४ एक्स म्हणजे आता थांबायचं नाही. शून्य आला तर स्कॅन अपुरा आहे किंवा संसर्गासारखं दिसतंय, म्हणून पुन्हा करावा लागेल.

पहिल्याच स्कॅनमध्ये घट्ट गाठ सहा मिलिमीटरच्या आत असेल तर ती २ मध्ये जाते, सहा ते आठच्या आत असेल तर ३, आठ ते पंधराच्या आत ४ अ, आणि पंधरा किंवा त्याहून मोठी असेल तर ४ ब. धुरकट काचेसारख्या दिसणाऱ्या गाठींचे नियम वेगळे आहेत, त्या संथ वाढतात.

आपल्याकडच्या रिपोर्टांत हमखास येणारे शब्द: "कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा", "फायब्रोटिक स्ट्रँड्स", "ओल्ड कोच्स". ही बहुधा जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीची खूण असते. पूर्ण चुना साठलेली गाठ घाबरण्याची नव्हे. "ओल्ड कोच्स" वाचून कोणी पुन्हा टीबीची औषधं सुरू करत असेल तर जंतूंची तपासणी आधी मागा. "एम्फिसिमा" लिहिलं असेल तर धुराने फुप्फुसाच्या पिशव्या फाटल्या आहेत, आणि फुंकून करायची पीएफटी तपासणी करून घ्या. "कोरोनरी कॅल्सिफिकेशन" असेल तर तो कागद घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. फुप्फुसासाठी केलेल्या स्कॅनमध्ये हृदयाच्या नळ्यांचा चुना दिसणं ओढणाऱ्यांत फार सामान्य आहे, आणि नेमकी तीच ओळ लोक वाचत नाहीत.

३ किंवा ४ अ आलं की घरचे म्हणतात, "तीन महिने वाट कशाला, आत्ताच काढून टाका." थांबण्यामागे हिशेब आहे. कॅन्सरची गाठ वाढते. सहाची साडेसात मिलिमीटर झाली तर बघायला फरक किरकोळ, पण तिचं आकारमान जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. तो फरक टिपता यावा म्हणून पुढचा स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला, त्याच पद्धतीने करा. मात्र दिलेली तारीख चुकवू नका.

४ ब आलं तर

छातीविकारतज्ज्ञ किंवा कॅन्सर रुग्णालय, त्याच आठवड्यात. पुढे बहुधा पेट-सीटी होईल. पेटमध्ये टीबीची गाठही कॅन्सरसारखीच उजळते, म्हणून आपल्याकडे पेटच्या चित्रावर निकाल लागत नाही. बहुतेकदा तुकडा काढून तपासावा लागतो. सुई टोचताना छातीत हवा शिरण्याचा धोका असतो, तेव्हा असली तपासणी नेहमी करणाऱ्या ठिकाणीच करा. आणि तुकडा काढलाच तर तो कॅन्सरसाठी आणि टीबीसाठी, दोन्हीकडे पाठवायला सांगा. हे आधी सांगावं लागतं, कारण सगळा तुकडा एकदा फॉर्मलिनमध्ये टाकला की टीबीच्या जंतूंचं कल्चर, म्हणजे ते वाढवून बघण्याची तपासणी, होत नाही.

गाठ लहान असेल तर ऑपरेशनने ती पूर्ण निघण्याची चांगली शक्यता असते. त्याआधी सर्जन, कॅन्सरचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात, अशा ठिकाणी जा. मुंबईतलं टाटा मेमोरियल हे त्यातलं आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं नाव. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

ओढणं चालू असेल तर

स्कॅन स्वच्छ आला म्हणून ओढत राहणारे मी पाहिले आहेत. स्वच्छ रिपोर्ट आजचा असतो. सोडल्यानंतर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ निम्मा होतो. १८०० ११ २३५६ हा सरकारचा मोफत फोन क्रमांक आहे, तिथे तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशक बोलतात. निकोटिनचा च्युइंगगम, पट्ट्या आणि गोळ्या यांबद्दल डॉक्टरांना विचारा. स्कॅनच्या दिवशी माणूस मनाने हललेला असतो. काकू, हा विषय काढायचा तर त्याच दिवशी, घरी जाताना रिक्षात काढा, रागावून नको.

पुढच्या वर्षी

अभ्यासांमध्ये जीव वाचले ते वेळोवेळी पुन्हा स्कॅन केल्याने. एकदा करून "काही नाही निघालं" म्हणून सोडून दिलं तर त्यातला बराचसा फायदा हातचा जातो, आणि आमच्याकडे बहुसंख्य लोक एकदाच येतात.

म्हणून घरी पोचलात की एक मोठं पाकीट घ्या. त्यात सीडी, रिपोर्ट, डोसचं पान आणि पॅक-वर्षांचा तो वहीतला कागद ठेवा. पाकिटावर जाड पेनाने नाव, स्कॅनची तारीख, सेंटरचं नाव, लंग-रॅड्सचा आकडा आणि पुढची तारीख लिहा. तीच तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि मुलीच्या मोबाइलमध्येही टाका. सीडीला वरून स्टेपल मारू नका आणि ती उन्हात ठेवू नका. पाकीट घरातल्या दोघांना तरी माहीत असेल अशा जागी ठेवा. साडीचं खोकंही चालेल.